गाडा ओढणाऱ्याचे गुडघे

अमेरिकन फुटबॉलमधल्या मोठ्या अंगाच्या रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्या लोकांची टोपणनावं एकदा एका ओळीत लिहून बघा. जेरोम बेटिस म्हणजे बस. जॉन रिगिन्स म्हणजे डिझेल. क्रेग हेवर्ड म्हणजे आयर्नहेड, लोखंडी डोक्याचा. ख्रिश्चन ओकोये म्हणजे नायजेरियन नाइटमेअर. आणि वेगळं नाव नसेल तर सगळ्यांना सरसकट लागू पडणारे शब्द आहेतच, वर्कहॉर्स नाहीतर बेल काउ, म्हणजे गळ्यात घंटा बांधून कळपाच्या पुढे चालणारी गाय. क्वार्टरबॅकला मात्र फील्ड जनरल म्हणतात. बॉल देणारा जनरल, आणि तो बॉल पोटाशी धरून भिंतीत घुसणारा कुणी बस, कुणी इंजिन, कुणी घोडा.

मला या शब्दांचा त्रास होतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माहेर सातारा जिल्ह्यातलं, चौदा वर्षं झाली ह्यूस्टनमधे राहतेय. दिवसभर माझ्या हाताखालून लोकांचे गुडघे, खांदे, मणके जातात. आणि माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, हाडापेराने त्याच्या मामावर गेलाय, शाळेत फुटबॉल खेळतो, गेल्या सीझनला कोचने त्याला लाइनमधून काढून रनिंग बॅक केलं. दोन माणसं अंगावर घेऊन पळतो तुमचा मुलगा, असं कोच मला अगदी मनापासून कौतुकाने म्हणाले. मी थँक्यू म्हटलं आणि घरी येऊन रात्रभर जुन्या रनिंग बॅक लोकांचे व्हिडिओ बघत बसले, आणि मग त्या लोकांचं पुढे काय झालं ते वाचत बसले. ते वाचन अजून थांबलेलं नाहीये, आणि त्यातूनच हे लिहितेय.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. एका माणसाने सीझनमधे किती वेळा जाऊन आदळायचं हे जर टीम ठरवत असेल, तर त्या आदळण्याचा खर्च टीमने आणि लीगने, म्हणजे एनएफएलने, उचलायला हवा, तो माणूस साठ-सत्तर वर्षांचा झाला तरी, आणि त्याच्या मेहनतीचे पैसे त्याला तो धडधाकट असतानाच मिळायला हवेत, नंतर नाही.

ज्यांनी हा खेळ बघितला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, जमलं तर परत चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक एकतर बॉल लांब फेकतो नाहीतर शेजारून येणाऱ्या रनिंग बॅकच्या पोटाशी देतो आणि तो समोरच्या अकरा जणांत घुसतो. याला कॅरी म्हणतात. कबड्डीत चढाईवाल्यावर सगळे तुटून पडतात तसंच काहीसं, फक्त इथे पकडणारे लांबून पळत येऊन अंगावर आदळतात आणि त्यातले काही १४० किलोचे असतात. चपळ रनिंग बॅक हा धक्का चुकवतो. मोठ्या अंगाच्या रनिंग बॅकला टीममधे घेतलेलंच असतं ते धक्का न चुकवण्यासाठी. तो अंगावर घेतो, समोरच्याला घेऊन पुढे पडतो, दोन यार्ड जास्त काढतो, आणि चौथ्या क्वार्टरपर्यंत समोरच्या टीमला त्याला धरायची इच्छाच उरत नाही. सगळं शास्त्र याच हिशोबावर उभं आहे. पण धक्का कधी एकाला लागत नाही हो, दोघांना लागतो. समोरचे अकरा जण तो आळीपाळीने वाटून घेतात आणि हा एकटा सगळे घेतो.

हे पूर्वीपासून चालत आलंय. ब्रॉन्को नागुर्स्की हे पहिलं मोठं नाव, कॅनडात जन्मलेला, मिनेसोटामधल्या इंटरनॅशनल फॉल्स गावात वाढलेला, १९३० मधे शिकागो बेअर्सकडे आला. सहा फूट दोन इंच, साधारण १०२ किलो, आणि त्या काळी समोरच्या टीमच्या बऱ्याच लाइनमनपेक्षा, म्हणजे पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूंपेक्षा, हा बॉल घेऊन पळणाराच मोठा होता. त्याच्या बोटातल्या अंगठीचं माप साडेएकोणीस, हे अजून सांगतात. पण तोच नागुर्स्की १९३७ नंतर फुटबॉल सोडून पूर्णवेळ कुस्तीच्या आखाड्यात गेला कारण तिथे पैसे जास्त होते, हे सांगताना कुणाचा आवाज खाली येत नाही. महायुद्धात खेळाडू कमी पडले म्हणून १९४३ ला त्याला परत बोलावलं, आला, फायनलमधे टचडाउन केला (म्हणजे बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला), आणि पुढे आयुष्यात गावी जाऊन पेट्रोल पंप चालवला. लीगचा त्या काळचा सगळ्यात ताकदवान माणूस.

मॅरियन मोटलीचं तर वाचून मला रडू आलं. १९४६ साली प्रोफेशनल फुटबॉलचं दार कृष्णवर्णीय खेळाडूंना परत उघडलं तेव्हा जे चार जण आत आले त्यातला हा एक, क्लीव्हलँड ब्राउन्सचा फुलबॅक, म्हणजे मोठ्या अंगाचा रनिंग बॅक, १०५ किलोच्या आसपास. एका कॅरीला सरासरी ५.७ यार्ड काढायचा, हा आकडा आजही रनिंग बॅकसाठी अविश्वसनीय आहे. १९५० मधे पिट्सबर्गविरुद्ध फक्त ११ कॅरीमधे १८८ यार्ड काढले त्याने. शिवाय क्वार्टरबॅकला वाचवायला ब्लॉकिंग करायचा, डिफेन्समधे लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या फळीमागचा बचावपटू, म्हणूनही खेळायचा. खाली पडला की समोरचे खेळाडू मुद्दाम त्याच्या हातांवर खिळ्यांचे बूट देऊन उभे राहायचे आणि रेफरी दुसरीकडे बघायचे. मायामीला मॅच होती तेव्हा त्याला आणि टीममधल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूला, बिल विलिसला, टीमबरोबर नेलंच नाही कारण तिथे गोऱ्यांबरोबर त्यांना खेळू देणार नव्हते. हे सगळं सहन केलं, गुडघे गेले, आणि खेळ संपल्यावर कोचिंगचं काम मागितलं तर नाही म्हणाले. १९६८ मधे हॉल ऑफ फेममधे घेतलं, त्याच्याच कँटन गावात. पुतळा मिळाला, काम नाही.

आता जिम ब्राउन. १९५७ ते १९६५, नऊ सीझन, एकही मॅच चुकवली नाही, नऊपैकी आठ वेळा लीगमधे सगळ्यात जास्त यार्ड याचे, एकूण १२,३१२. प्रत्येक टॅकलनंतर, म्हणजे समोरच्यांनी धरून पाडल्यावर, तो मुद्दाम सावकाश उठायचा, लागलेलं असो वा नसो, म्हणजे खरंच लागलं तेव्हा समोरच्यांना कळू नये. फिजिओ म्हणून मला ही गोष्ट फार हुशारीची वाटते. पण त्याहून हुशारीची गोष्ट त्याने १९६६ मधे केली. लंडनमधे सिनेमाचं शूटिंग लांबलं, मालकाने ट्रेनिंग कॅम्प चुकवलास तर दंड लावीन म्हणून धमकी दिली, आणि हा वयाच्या तिसाव्या वर्षी, लीगचा सर्वोत्तम खेळाडू असताना, सरळ निवृत्त झाला. लोकांना तेव्हा ते पटलं नाही. माझ्या मते मोठ्या रनिंग बॅकच्या इतिहासातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच होता. (ब्राउन आदर्श माणूस होता असं मी म्हणत नाहीये, बायकांवर हात उचलल्याचे आरोप त्याच्यावर एकदा नाही अनेकदा झाले आणि ते विसरून मी त्याची आरती करणार नाही.) पण तो जाऊ शकला कारण त्याच्या हातात दुसरं काम होतं, सिनेमा होता. ज्याच्या हातात दुसरं काही नाही तो कुठे जाणार?

तो कुठे जातो हे बघायचं असेल तर अर्ल कॅम्पबेलची गोष्ट बघा. ह्यूस्टनमधे राहते म्हणून असेल, पण हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

टेक्सासमधे टायलर नावाचं शहर आहे, गुलाबांसाठी प्रसिद्ध. कॅम्पबेलच्या घरची गुलाबाचीच शेती, अकरा भावंडं, त्यातला हा सहावा. अकरा वर्षांचा असताना वडील गेले. फुटबॉलमधे पैसे मिळाले की आईला घर बांधून देणार असं म्हणायचा आणि दिलंही. १९७७ ला युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासकडून हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, १९७८ च्या ड्राफ्टमधे (यात टीम आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात) पहिला नंबर, ह्यूस्टन ऑइलर्स. उंची पाच फूट अकरा इंच, वजन १०५ किलो, मांडीचा घेर ३४ इंच, माझ्या कमरेपेक्षा जास्त! पहिल्याच वर्षी २० नोव्हेंबर १९७८ च्या सोमवारी रात्री ॲस्ट्रोडोममधे मायामीविरुद्ध १९९ यार्ड आणि चार टचडाउन, शेवटचा ८१ यार्ड पळत जाऊन. इथले पासष्टीचे माझे पेशंट त्या रात्रीबद्दल बोलायला लागले की खांद्याचा व्यायाम विसरतात.

त्याच सीझनचा दुसरा एक तुकडा मुलगा मला दाखवत होता. रॅम्सचा लाइनबॅकर आयझाया रॉबर्टसन समोर आलाय, कॅम्पबेल डोकं खाली घालून त्याच्या छातीत घुसतो, रॉबर्टसन उताणा, मग बाकीचे त्याला धरायला बघतात, शर्ट फाटून हातात येतो, आणि हा उघड्या पाठीने पुढे पळतोय. मुलगा म्हणाला, आई बघ ना काय आहे हे! आणि खरंच बघण्यासारखं आहे, मी खोटं कशाला बोलू, अंगावर काटा येतो. पण मला त्यात दुसरंही दिसत होतं. डोकं खाली, मान पुढे, आणि १०५ किलो पूर्ण वेगात मानेच्या मणक्यांमधून समोरच्याच्या छातीत. हे एकदा केलं तर पराक्रम. वर्षाला साडेतीनशे वेळा केलं तर?

आकडे बघा, फक्त रेग्युलर सीझनचे, प्लेऑफ सोडून. १९७८ मधे ३०२ कॅरी. १९७९ मधे ३६८. १९८० मधे ३७३, त्या वर्षी १,९३४ यार्ड, एका कॅरीला पाचच्या वर. १९८१ मधे ३६१. चार वर्षांत १,४०४ वेळा. आणि हे त्या काळच्या कृत्रिम टर्फवर, म्हणजे कठीण जमिनीवर अंथरलेल्या गालिच्यावर, जिथे पडणं हाच एक वेगळा मार होता. १९८१ ला सरासरी ५.२ वरून ३.८ वर आली, १९८२ ला ३.४ वर. वय किती? सत्तावीस. १९८४ मधे न्यू ऑर्लिन्सला पाठवला, १९८६ च्या सीझनआधी निवृत्त झाला, एकतीस वर्षांचा होता.

त्याचे कोच बम फिलिप्स फार लाडके होते ह्यूस्टनचे. कॅम्पबेलला एक मैल पळायची टेस्ट पूर्ण करता आली नाही तेव्हा ते म्हणाले होते की एक मैल जायची वेळ येईल तेव्हा त्याला बॉल देणार नाही. हा किस्सा सगळे हसून सांगतात. मी पण पहिल्यांदा हसले. नंतर जाणवलं की त्या एका वाक्यात सगळं आलंय, कुणाला कधी बॉल द्यायचा ते कोच ठरवणार. फिलिप्स वाईट माणूस होते असं अजिबात नाही, कॅम्पबेल त्यांना वडिलांसारखं मानायचा. पण ३७३ हा आकडा कॅम्पबेलने निवडलेला नव्हता.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. २००१ च्या आसपास पायाची नस गेल्यामुळे त्याला फूट ड्रॉप झाला, म्हणजे चालताना पाऊल वर उचलता येत नाही, घसटत जातं. हातांना संधिवात, मूठ वळेना. २००९ मधे स्पायनल स्टेनोसिसचं निदान, मणक्यातली नळी अरुंद होऊन आतल्या नसा दबतात. त्याच वर्षी वेदनाशामक गोळ्या आणि दारूच्या व्यसनासाठी उपचार घ्यावे लागले. वॉकर, लांब जायचं असेल तर व्हीलचेअर. प्रामाणिकपणे सांगायचं तर आधी तो स्वतः म्हणायचा की हे माझ्या घराण्यातच आहे, फुटबॉलचा दोष नाही. २०१२ मधे मात्र म्हणाला की यातलं थोडं तरी मी जसा खेळलो त्यातून आलंय. मी त्याला तपासलेलं नाही, त्यामुळे किती टक्के कशाचं हे सांगायचा मला अधिकार नाही. पण माझ्याकडे येणारा चाळीस वर्षं सिमेंटची पोती उचललेला माणूस घराण्याचा मणका घेऊन आला म्हणून पोत्यांचा काही संबंध नाही असं मी कधी म्हणणार नाही.

आता सन मोजा. निवृत्ती १९८६. फूट ड्रॉप २००१, पंधरा वर्षांनी. स्टेनोसिस २००९, तेवीस वर्षांनी. कूर्चा झिजते, चकत्या बसतात, हाड वाढतं, हे सगळं सावकाश होतं, शरीर बिल पाठवतं ते वीस-वीस वर्षांनी. आणि आजच्या घडीला पण लीगमधे पुरेशी वर्षं काढलेल्या खेळाडूला निवृत्तीनंतर आरोग्य विमा मिळतो तो पाच वर्षं. पाच! तिशीत खेळ सोडला तर पस्तिशीला विमा संपला, आणि गुडघा बोलायला लागणार चाळिशीनंतर. ज्या लीगने २०२१ मधे टीव्हीचे ११ वर्षांचे करार १०० अब्ज डॉलर्सच्या वरचे केले त्या लीगला हे परवडत नाही असं मला कुणी सांगू नये.

लोक म्हणतात त्यांना माहिती होतं ना, सही करताना कळत नव्हतं का, आणि शिवाय लाखो डॉलर मिळतात की. माहिती होतं हे अर्धंच खरं आहे. मेंदूचंच घ्या. माइक वेबस्टर या जुन्या खेळाडूच्या मेंदूत सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार धक्के बसून होणारा मेंदूचा आजार, सापडला तो २००२ मधे, तो गेल्यानंतर. २०१७ मधे बोस्टनच्या संशोधकांनी लीगमधे खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, ११० मधे तो आजार. अर्थात ते मेंदू कुटुंबांनी दान केलेले, बऱ्याच जणांना आधी लक्षणं होती, त्यामुळे शंभरातले नव्व्याण्णव असा सरळ अर्थ लावणं चूक आहे. पण १९७८ मधल्या तेवीस वर्षांच्या पोराला यातलं काय माहिती होतं? आणि नंतर डोक्याच्या दुखापतींच्या भरपाईचा मोठा करार झाला त्यात तर कृष्णवर्णीय खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी धरून हिशोब करायची पद्धत वापरली जात होती, म्हणजे आजार सिद्ध करायला त्यांना जास्त बिघडलेलं दाखवावं लागायचं. ती पद्धत सोडायला २०२१ उजाडलं. मोटलीच्या हातावर बूट ठेवल्याला तेव्हा पंचाहत्तर वर्षं झाली होती.

पैशाचं बोलूया. रनिंग बॅकला पैसे मिळण्याची वेळ आणि शरीर चांगलं असण्याची वेळ यांची गाठच पडत नाही, असा हा सगळा कारभार रचलाय. हायस्कूलनंतर तीन वर्षं लीगमधे येताच येत नाही. मग ड्राफ्ट, २०११ च्या करारापासून नवीन खेळाडूचा पगार ड्राफ्टच्या नंबरावरून जवळजवळ ठरलेला, चार वर्षांचा करार, पहिल्या फेरीत आलेला असेल तर टीमला पाचवं वर्ष वाढवायचा हक्क, आणि तीन सीझन होईपर्यंत वाटाघाटी करायलाच बंदी. त्यानंतर फ्रँचाइज टॅग, म्हणजे टीम म्हणते आणखी एक वर्ष थांब, ठरलेल्या रकमेला. २०२३ मधे रनिंग बॅकच्या टॅगची रक्कम साधारण १.०१ कोटी डॉलर होती, वाइड रिसीव्हरची, म्हणजे लांब फेकलेला बॉल झेलणाऱ्याची, जवळजवळ दुप्पट, १.९७ कोटी. मोकळा होईपर्यंत खेळाडू सव्वीस-सत्तावीसचा झालेला असतो, आणि मग तीच टीम म्हणते, अरे याचे तर फार कॅरी झालेत, आता हा पूर्वीसारखा नाही. कॅरी कुणी दिले होते?

त्याच २०२३ च्या जुलैमधे ऑस्टिन एकलर या रनिंग बॅकने पुढाकार घेऊन लीगमधल्या मोठ्या रनिंग बॅक लोकांचा एक व्हिडिओ कॉल घेतला, आपलं काय करायचं म्हणून. क्लीव्हलँडचा निक चब त्यात होता, १०३ किलोचा, शांत, कधी तक्रार न करणारा. पुढे दोन महिन्यांत, १८ सप्टेंबरला, पिट्सबर्गमधे त्याच्या गुडघ्यावर टॅकल बसला आणि तो गुडघा असा काही वळला की टीव्हीवाल्यांनी तो रिप्ले परत दाखवला नाही. दुसऱ्या वर्षी त्याला बराच कमी पगार मान्य करावा लागला. चबवर मुद्दाम कुणी अन्याय केला असं नाही, नियमच तसे आहेत, आणि मला तेच जास्त भयंकर वाटतं. २०१९ मधे रनिंग बॅकना वेगळी युनियन करू द्या म्हणून कामगार मंडळाकडे अर्जही गेला होता, तो फेटाळला.

आकडेवारीवाले मंडळी म्हणतात रनिंग बॅक बदलता येतो, खरे यार्ड लाइनमनच काढून देतात, त्यामुळे त्याला जास्त पैसे देणं मूर्खपणा. मी ही आकडेवारी खोटी म्हणणार नाही, लाइन चांगली असेल तर साधा रनिंग बॅक पण चांगला दिसतो हे मला मुलाच्या मॅचमधेही दिसतं. पण तो बदलता येतो याचं एक कारण असंही आहे ना, की दरवर्षी कॉलेजमधून बावीस वर्षांची नवी, न झिजलेली शरीरं स्वस्तात येतात आणि जुन्याची दुरुस्ती टीमच्या हिशोबात कुठेच धरलेली नसते. कारखान्याला सांडपाण्याचा खर्च धरायचाच नाही म्हटल्यावर माल स्वस्तच पडणार. झिजेचा खर्च हिशोबात आणा आणि मग सांगा रनिंग बॅक किती स्वस्त आहे.

आणि आता डेरिक हेन्री. हे नाव घेतल्याशिवाय कुणी मला सोडत नाही. सहा फूट तीन इंच, ११२ किलो, २०२० मधे टेनेसी टायटन्सकडून ३७८ कॅरी, २,०२७ यार्ड. (ही टायटन्स म्हणजे कॅम्पबेलची ऑइलर्सच, ह्यूस्टन सोडून गेलेली.) २०२४ मधे बाल्टिमोरकडून वयाच्या तिसाव्या वर्षी १,९२१ यार्ड. त्याच वर्षी सकॉन बार्कली या दुसऱ्या रनिंग बॅकचे २,००५. बघा, म्हणतात, मोठे बॅक परत आले, सगळं ठीक आहे. हेन्रीला बघायला मला मनापासून आवडतं, एवढा मोठा माणूस इतक्या सहज पळताना दुसरा बघितला नाही. पण त्याचेही आकडे बघा, पहिल्या दोन वर्षांत त्याला फक्त ११० आणि १७६ कॅरी होते कारण पुढे दुसरा खेळाडू होता, म्हणजे कॅम्पबेलने पहिल्या दोन वर्षांत घेतले त्याच्या निम्म्याहून कमी. आणि ३७८ नंतरच्या वर्षी आठ मॅचमधे २१९ कॅरी दिले आणि पायाचं हाड मोडलं. तो परत उभा राहिला हे त्याचं शरीर आणि त्याची मेहनत. ओकोये पूर्वीसारखा नाही उभा राहू शकला. थाळीफेक करायला नायजेरियाहून आलेला ११८ किलोचा तो माणूस, १९८९ मधे ३७० कॅरी घेऊन लीगमधे पहिला आला, पुढच्या वर्षी त्याचे यार्ड जवळजवळ निम्म्यावर आले, आणि १९९२ च्या सीझननंतर खेळातून बाहेर. हेन्रीला बघून नियम करायचा की ओकोयेला बघून? अपवादाच्या मापाने सगळ्यांचे कपडे शिवता येत नाहीत.

मोजता येत नाही म्हणून काही करता येत नाही असं तर मुळीच नाही. बेसबॉलमधे लिटल लीगने २००७ पासून पोरांच्या हाताचं गणित लावलं, १३ ते १६ वयाच्या पिचरने दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकायचे, पुढे सक्तीची विश्रांती. टेक्सासच्या शाळांमधे फुटबॉलच्या प्रॅक्टिसला आठवड्याला ९० मिनिटांच्या वर फुल कॉन्टॅक्ट चालत नाही, २०१३ पासून नियम आहे. खुद्द एनएफएलने २०११ च्या करारात सीझनमधल्या पॅड घालून करायच्या प्रॅक्टिस १४ वर आणल्या. म्हणजे आदळणं हा डोस आहे, तो मोजायचा असतो, हे सगळ्यांना कळलंय. २०१३ मधेच लीगने मोकळ्या मैदानात डोकं खाली घालून माथ्याने ठोकायला रनिंग बॅकलाही बंदी केली, तेव्हा किती ओरडा झाला होता, खेळ बायकी होतोय वगैरे. मी त्या नियमाच्या बाजूने आहे, पण त्यात सगळी जबाबदारी पळणाऱ्यावर टाकली आहे, पेनल्टी त्याला. बॉल तीनशे सत्तराव्यांदा ज्याने दिला त्याला काहीच नाही.

म्हणून माझं म्हणणं, रनिंग बॅकचा पहिला करार वर्षांवर नको, कॅरींवर मोजा. समजा सहाशे कॅरी झाले, दोन वर्षांत होवोत की चार, त्या दिवशी करार मोकळा, टॅग नाही, परत वाटाघाटी. आकडा सहाशेच असावा असा माझा हट्ट नाही, युनियनने आणि डॉक्टरांनी बसून ठरवावा. टीमला जास्त वापरायचंय तर वापरा, पण मग लवकर पैसे द्या. आणि सीझनमधे ठराविक आकड्याच्या वर गेलं की प्रत्येक कॅरीमागे टीमने त्या खेळाडूच्या नावाने वैद्यकीय फंडात पैसे टाकायचे, जो फंड तो पन्नाशीत, साठीत, सत्तरीत वापरू शकेल, गुडघा, कंबर, मान, मेंदू, व्यसनमुक्ती सगळ्यासाठी. जुन्या खेळाडूंसाठी लीगने स्वतःच्या खिशातून घालावेत. आमच्याकडे बेंदराला बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून मळतात, जूं असतं ना तिथे, कारण वर्षभर तिथेच घासलेलं असतं. माझे आजोबा स्वतः करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ज्याच्याकडून काम घेतलं त्याचा खांदा कुठे सोलला हे त्यांना माहिती असायचं. आणि म्हातारा झालेला बैल दावणीला असेपर्यंत त्याची वैरण चुकली नाही.

मुलाला खेळू नको म्हणायचं का, हा प्रश्न घरी रोज असतो. नवरा म्हणतो खेळू दे. सासूबाई पुण्याहून फोनवर विचारतात कशाला ते आडदांड खेळ. मी अजून नाही म्हटलेलं नाही, कारण तो पळताना किती आनंदात असतो ते मी बघते, आणि तो आनंद पण खराच आहे. सीझन सुरू होण्याआधी मी कोचना भेटायला गेले होते, एका मॅचमधे याला किती कॅरी देणार ते आधी ठरवूया म्हणून. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा... म्हणजे कॉफी विचारली, आणि म्हणाले असं आजपर्यंत कुणी विचारलं नाही, पण पंधरा ठीक आहे का? मी म्हटलं पंधरा ठीक आहे.

ज्युनियर व्हर्सिटीच्या, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या टीमच्या, मॅच गुरुवारी असतात. मी क्लिनिकमधून तशीच जाते आणि वहीत रेघा मारते, पाच झाल्या की आडवी रेघ. पहिल्या गुरुवारी बारा. दुसऱ्या गुरुवारी पंधरा. तिसऱ्या गुरुवारी मॅच अटीतटीची होती, शेवटची चार मिनिटं, दोन यार्ड हवे होते, पंधरा होऊन गेले होते, आणि आमच्या बाजूचे सगळे आईबाप उभे राहून माझ्या मुलाचं नाव घेऊन ओरडत होते. कोचनी एकदा स्टँडकडे बघितलं. मग त्यांनी दुसऱ्या मुलाला आत पाठवलं.